चोर सोडून संन्याशाला सुळी
(कटाच्या कल्पना, अफवांचा बाजार आणि भांडवलशाहीची शास्त्रीय चिकित्सा या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावी आठवड्याचा बाजार भरला होता. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच माणसे आली. भिक्षा मागून गुजराण करणारी ही माणसे घरापासून शेकडो मैल दूर, पोटापाठीमागे फिरत फिरत तेथवर पोहोचली होती. मुले पळवणारी टोळी या भागात उतरली आहे, असे निरोप त्यापूर्वी कित्येक दिवस मोबाइल फोनवरून हातोहात फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना गाठले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेपर्यंत मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते.

मारणारे आदिवासी शेतकरी-शेतमजूर. मरणारे घरदार नसलेले भटके. दोघेही या समाजव्यवस्थेच्या अगदी तळाशी. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण त्या दिवशी शब्दशः खरी ठरली. संन्यासी कोण होता, हे सर्वांना दिसले. परंतु चोर कोण, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. या व्याख्यानाचा विषय तोच प्रश्न आहे.

अफवांचा बंदोबस्त हे पोलिसांचे काम, त्यासाठी पक्षाचा अभ्यासवर्ग कशाला, असे एखाद्याला वाटेल. त्याचे उत्तर असे की, अफवेच्या मुळाशी असलेली भीती आणि असंतोष बहुधा खरा असतो. दुर्गम पाड्यावरचे मूल खरोखरच असुरक्षित असते. ते कुपोषणाने मरते, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाते. आईबापांच्या मनातील धास्ती खोटी नसते. खोटे असते ते या धास्तीला दिलेले कारण. आणि कारणे शोधणे, शोषितांना त्यांच्या दुःखाचे खरे मूळ दाखवणे, हे तर कम्युनिस्ट कार्यकर्त्याचे पहिले काम होय. जेथे तो पोहोचत नाही तेथे अफवा पोहोचते.

१९२९ सालची मुंबई

मुले पळवणाऱ्यांची अफवा मोबाइल फोनने जन्माला घातलेली नाही. १९२९ मध्ये हीच अफवा मुंबईच्या गिरणगावात पसरली होती, आणि तिचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घेण्याजोगा आहे.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप लढवला. कारण सरळ होते. मालकांनी 'सुधारणा' या गोंडस नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन साचे चालवायला लावण्याचा, सूतकताई खात्यात कामाचा बोजा दुप्पट करण्याचा आणि त्याबरोबर हजारो हात कमी करण्याचा घाट घातला होता. संपातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या वर्षाच्या अखेरीस शिवडीच्या तेलाच्या कोठारांतील कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या जागी पठाणांना संपफोडे म्हणून आणण्यात आले. काही पठाण गिरणगावात जबर व्याजाने पैसे देणारे सावकारही होते. पगाराच्या दिवशी दारात काठी घेऊन उभा राहणारा पठाण कामगारांना चांगला ठाऊक होता. म्हणजे राग खरा होता आणि त्याला आधारही होता.

१९२९ च्या फेब्रुवारीत शहरात कंडी पिकली की, बडोदा संस्थानात बांधल्या जात असलेल्या पुलाच्या पायात बळी देण्यासाठी पठाण लहान मुले पळवून नेत आहेत. रस्त्यात दिसेल त्या पठाणावर हल्ले सुरू झाले. मार खाणारा सावकार आहे, संपफोड्या आहे की कोणाच्या बंगल्यावरचा गरीब पहारेकरी आहे, हे पाहण्यास कोणी थांबले नाही. पाहता पाहता त्या हल्ल्यांना हिंदु-मुस्लिम दंगलीचे रूप आले. छत्तीस दिवस चाललेल्या त्या दंगलीत १४९ माणसे मेली व सातशेहून अधिक जखमी झाली. ज्या कामगारांनी सहा महिने जात-धर्म विसरून एकत्र संप लढवला होता, त्यांच्याच चाळींमधून हे घडले. मालकांना सहा महिन्यांत जे साधले नाही, ते एका अफवेने काही दिवसांत केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संपफोड्या ही एक भूमिका आहे. उत्पादनाच्या संघर्षात मालकाच्या बाजूने बजावलेले ते काम आहे. सावकारी हाही एक आर्थिक संबंध आहे. मराठी सावकार, मारवाडी सावकार, पठाण सावकार हे व्याज सारख्याच रीतीने खातात. परंतु 'संपफोड्या' या शब्दाच्या जागी 'पठाण' हा शब्द बसला, की लढा एका संबंधाविरुद्ध न राहता एका जमातीविरुद्ध होतो. बदलतो तो एकच शब्द, पण त्या बदलात वर्गलढ्याचे दंगलीत रूपांतर होते.

वरून आलेली कटाची कल्पना

सरकारने दंगलीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. समितीने दोषाचे मोठे माप युनियनच्या पुढाऱ्यांच्या भाषणांच्या पदरात टाकले. त्याआधीच, २० मार्च १९२९ रोजी, देशभरातून तीसच्या आसपास कामगार कार्यकर्त्यांना पकडण्यात आले होते. त्यांत मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर होते. बंगालचे मुझफ्फर अहमद होते. फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडले हे इंग्रज कार्यकर्तेही होते. हाच मीरत कट खटला. हिंदुस्थानावरील ब्रिटिश सम्राटाचे सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट, हा आरोप होता. खटला जवळजवळ चार वर्षे चालला आणि जानेवारी १९३३ मध्ये जबर शिक्षा फर्मावण्यात आल्या.

सरकारची भूमिका काय होती? गिरणीत तिसरा साचा आला म्हणून संप झाला, हे तिला मान्य नव्हते. संप झाला तो मॉस्कोच्या हस्तकांनी चिथावल्यामुळे. कामगार बिचारे साधे. मूठभर कारस्थानी लोकांनी त्यांना बिघडवले. कटाची कल्पना केवळ अडाणी जमावाच्या डोक्यात उगवते, हा समज म्हणूनच खोटा आहे. राज्यकर्त्या वर्गालाही तिची गरज पडते. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारताना इंदिरा गांधींनीही आकाशवाणीवरून देशाला सांगितले ते एका खोलवर रुजलेल्या, व्यापक कटाविषयीच.

१९२९ च्या त्या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. एक चाळीतून आली, दुसरी सचिवालयातून. एकीने पठाणाकडे बोट दाखवले, दुसरीने मॉस्कोकडे. परंतु दोहोंनी एकच गोष्ट झाकली: गिरणीतील मालक आणि मजूर यांच्यातील संबंध. दोन्ही कथांमध्ये तिसऱ्या साच्याला जागा नाही.

बनावट भांडवलशाहीविरोध

यापेक्षाही फसवा असा एक प्रकार आहे. त्यात भांडवलशाहीविरुद्ध बोलल्याचा भास होतो. 'मूठभर घराणी जग चालवतात', 'सर्व सरकारे एका गुप्त मंडळाच्या मुठीत आहेत', 'बँकवाल्यांनीच सर्व युद्धे घडवली', असे काही ऐकले की डाव्या विचाराच्या माणसाला ते ओळखीचे वाटते. पक्षाच्या सभेत सांगितले जाते तेच जरा सोप्या भाषेत सांगितले आहे, असे त्याला वाटते. सर्वांत मोठा धोका येथेच आहे.

अशा कथांची जननी म्हणजे 'झायनच्या वडीलधाऱ्यांचे इतिवृत्त' म्हणून ओळखला जाणारा बनावट दस्तऐवज. १९०३ मध्ये झारशाही रशियात तो प्रथम छापला गेला. ज्यू पुढाऱ्यांनी जग ताब्यात घेण्याची योजना आखली आहे, असे त्यात दाखवले होते. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने सिद्ध केले की, त्यातील उतारेच्या उतारे मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ सालच्या पुस्तकातून उचललेले आहेत. त्या पुस्तकाचा ज्यूंशी संबंध नव्हता. ते तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवरील टीका होते.

अमेरिकेत हा बनावट माल कोणी खपवला? मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने. १९२० पासून त्याच्या मालकीच्या साप्ताहिकाने ज्यू बँकवाल्यांच्या जागतिक कारस्थानावर लेखमाला चालवली. १९२७ मध्ये न्यायालयीन दाव्यामुळे त्याला जाहीर माफी मागावी लागली. पण त्याच फोर्डच्या कारखान्याबाहेर २६ मे १९३७ रोजी युनियनची पत्रके वाटायला आलेल्या कार्यकर्त्यांना कंपनीच्या पहारेकऱ्यांनी बेदम मारले. १९४१ पर्यंत फोर्डने युनियनशी करार केला नाही. 'आंतरराष्ट्रीय पैसेवाल्यां'विरुद्ध शाई ओतणारा हा गृहस्थ कामाच्या पट्ट्यावर आठ तास राबणाऱ्या मजुराला संघटनेचा साधा हक्क देण्यास तयार नव्हता.

जर्मनीत हेच राज्याचे धोरण झाले. नाझींनी भांडवलाचे दोन भाग पाडले: लुबाडणारे 'ज्यू' भांडवल आणि निर्माण करणारे 'राष्ट्रीय' भांडवल. १९२० च्या त्यांच्या कार्यक्रमात ट्रस्टांच्या राष्ट्रीयीकरणाचे आणि विनामोबदला जमीन काढून घेण्याचेही कलम होते. १९२८ मध्ये हिटलरने खुलासा केला की, जमिनीचे ते कलम मुख्यतः ज्यू जमीन-सट्टेबाज कंपन्यांविरुद्ध आहे. २० फेब्रुवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये बडे कारखानदार हिटलरला भेटले आणि त्यांनी निवडणुकीसाठी लक्षावधी मार्कांचा निधी दिला. २ मे १९३३ रोजी जर्मन कामगार संघटनांच्या कचेऱ्या नाझींनी ताब्यात घेतल्या. ज्यूंचा संहार झाला, कम्युनिस्टांना छळछावण्यांत डांबले गेले, आणि क्रुपचे कारखाने चालू राहिले. बनावट भांडवलशाहीविरोधाचा शेवट असा होतो.

व्यक्ती आणि संबंध

मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच स्पष्ट केले होते की, भांडवलदार व जमीनदार यांचा विचार येथे व्यक्ती म्हणून केलेला नाही, तर आर्थिक संबंधांचे मूर्त रूप म्हणून केलेला आहे. हे वाक्य पाठ करण्यापुरते नाही. कटाची कल्पना आणि शास्त्रीय चिकित्सा यांतील सीमारेषा ती हीच.

कटाची कल्पना म्हणते: वाईट माणसे आहेत म्हणून शोषण आहे; ती माणसे हटवली की सारे ठीक होईल. शास्त्रीय समाजवाद म्हणतो: मालक सज्जन असला तरी स्पर्धा त्याला मजुरी दाबायला लावते. तो दाबणार नसेल तर त्याची जागा दुसरा घेईल. त्यासाठी मध्यरात्री जमून शपथा घेण्याची गरज नाही. बाजार रोज दिवसाढवळ्या ते काम करतो.

मग भांडवलदार कट करीतच नाहीत काय? अवश्य करतात. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या संशोधनाविषयी जनतेच्या मनात संशय पेरण्याची मोहीम त्यातून आखली गेली. जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत त्यांची संयुक्त जाहिरात झळकली. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांना दशकानुदशके फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवले. हा कट खरा होता. पण तो सिद्ध कसा झाला? तारखा, बैठका, कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे आणि साक्षी यांवरून. त्याचा हेतूही साधा होता: नफा. हा कट नफ्याच्या व्यवस्थेतून निपजला. व्यवस्था कटातून निपजली नाही.

आणि बहुतेक वेळा तर कटाचीही गरज पडत नाही. भारतातील निवडणूक रोख्यांचे उदाहरण घ्यावे. कंपन्यांनी राजकीय पक्षांना नाव न कळवता अमर्याद पैसा द्यावा, ही सोय २०१७ च्या वित्त कायद्याने केली आणि २०१८ पासून ती अमलात आली. हे भुयारात घडले नाही. संसदेत, सर्वांदेखत घडले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली व देणगीदारांचे तपशील उघड करावयास लावले. जो कार्यकर्ता गुप्त मंडळे शोधत बसतो, त्याच्या डोळ्यांसमोरून राजपत्रात छापलेला दरोडा निसटून जातो.

अफवेचा धंदा

राईनपाड्यापूर्वी देशात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, थोड्या वेळाने परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, असा तिचा आशय होता. कोणीतरी शेवटचा भाग कापला आणि उरलेला भाग खऱ्या अपहरणाचा पुरावा म्हणून सोडून दिला. जुलै २०१८ मध्ये, अनेक बळी गेल्यानंतर, व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवण्यावर बंधन घालण्याचे जाहीर केले. म्हणजे हे बंधन आधीही घालता आले असते.

व्हॉट्सॲपवर निरोप माणसेच पुढे ढकलतात. फेसबुकवर मात्र कोणापुढे काय ठेवायचे हे कंपनीचे यंत्र ठरवते. दोन्ही एकाच कंपनीच्या मालकीची आहेत आणि तिचे उत्पन्न जवळजवळ सर्व जाहिरातींतून येते. माणूस पडद्यासमोर जितका अधिक रेंगाळेल, तितका जाहिरातीचा माल अधिक. संताप आणि भीती माणसाला रेंगाळायला लावतात. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून दिसले की, २०१८ मधील बदलांनंतर संतापजनक मजकुराला अधिक वाव मिळत असल्याचा इशारा तिच्याच संशोधकांनी दिला होता. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध हिंसेला चिथावणी देण्यासाठी आपले माध्यम वापरले गेले व ते रोखण्यास आपण पुरेसे केले नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये मान्य केले.

येथेही जपून बोलले पाहिजे. कंपनीच्या मालकाने रोहिंग्यांना मारण्याचा कट केला, असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच खड्ड्यात पडणे होय. त्याने कट केला नाही. त्याने नफा पाहिला आणि माणसे मेली. भांडवलशाहीवरील खरा आरोप हाच आहे, आणि तो कटाच्या आरोपापेक्षा अधिक गंभीर आहे. या अफवेच्या बाजारात जमातवादी शक्तींनी आपली दुकाने थाटली आहेत. २०२० च्या साथीत दिल्लीतील तबलिगी मेळाव्यावरून देशभर मुसलमानांविरुद्ध विषारी प्रचार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे बनवल्याचे म्हटले. भाजीविक्रेत्या मुसलमानाला गल्लीतून हाकलले जात होते, त्याच आठवड्यांत लाखो स्थलांतरित मजूर मुंबई-सुरतेहून पायी घरी निघाले होते. लोकांचे डोळे कोणत्या रस्त्यावरून कोणत्या रस्त्याकडे वळवले गेले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

स्वतःच्या घरात

दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखवून भागणार नाही. जानेवारी १९५३ मध्ये 'प्रावदा'ने जाहीर केले की, बहुतांशी ज्यू असलेल्या डॉक्टरांच्या टोळीने सोव्हिएत नेत्यांचे प्राण घेण्याचा कट केला आहे. स्टालिनच्या मृत्यूनंतर, एप्रिलमध्ये, सोव्हिएत सरकारनेच ते प्रकरण बनावट असल्याचे मान्य केले. समाजवादी देशाच्या मुखपत्रातही झारशाहीच्या काळातील विष शिरू शकते, हे त्यातून शिकले पाहिजे. अडचणीचे खरे कारण सांगण्याचे धैर्य संपले की, समाजवादाचे नाव घेणाऱ्यालाही कटाचा आधार घ्यावासा वाटतो.

हे जुन्या काळापुरतेही नाही. साथीच्या काळात 'लस म्हणजे परदेशी अब्जाधीशाचे कारस्थान', 'सुईतून अंगात यंत्र घालतात', असे निरोप डाव्या विचाराच्या माणसांनीही पुढे पाठवले. त्यांना वाटले, आपण औषध कंपन्यांविरुद्ध लढत आहोत. प्रत्यक्षात लढा दुसरीकडे चालू होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की, साथ संपेपर्यंत लसी व औषधांवरील पेटंटचे निर्बंध स्थगित ठेवावेत. श्रीमंत देशांनी ते वीस महिने अडवून धरले आणि जून २०२२ मध्ये केवळ लसींपुरता, अटींनी जखडलेला निर्णय झाला. प्रश्न लस टोचण्याचा नव्हता, ती सर्वांना न मिळण्याचा होता. ज्याने शेजाऱ्याला लसीपासून परावृत्त केले, त्याने पेटंटवाल्यांचा एक पैसाही कमी केला नाही. त्याने फक्त शेजाऱ्याचा जीव धोक्यात घातला.

कार्यकर्त्याच्या तीन कसोट्या

समोर आलेल्या कथेला तीन प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक सभासदाने लावून घ्यावी.

पहिला: पुरावा कोणता? कागद, तारीख, आकडा, साक्ष काही आहे काय? पुरावा नसणे हाच कटाचा पुरावा, असे जी कथा सांगते ती टाकून द्यावी.

दुसरा: बोट कोणाकडे आहे? संबंधाकडे, कायद्याकडे, मालकीकडे आहे, की एखाद्या जमातीकडे, धर्माकडे, परक्या चेहऱ्याकडे?

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: ऐकून झाल्यावर काय करायचे? वर्गीय चिकित्सा माणसाला संघटनेकडे नेते. पगारवाढ, जमीन, रेशन, पेटंटचा कायदा अशी लढण्याजोगी मागणी हातात देते. कटाची कथा एकतर हताश करते, कारण सर्वशक्तिमान गुप्त मंडळाशी लढणार कोण. किंवा हातात दगड देते, आणि तो दगड हाताशी असलेल्या सर्वांत दुबळ्या माणसावर पडतो.

याचबरोबर अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख म्हणून हिणवण्याची सुशिक्षितांची खोड कार्यकर्त्याने टाकली पाहिजे. राज्यकर्ते दर वेळी अफवेपासून अफवेपर्यंत जातात: भांडवलशाहीवरील प्रत्येक टीकेला ते 'कटाची कल्पना' म्हणून हसण्यावारी नेतात आणि कामगारांच्या संपाला मात्र स्वतःच कट ठरवतात. लोकांनी संशय घेऊ नये, असे सांगण्याची गरज नाही. संशय घेण्यास त्यांना पुरेपूर कारण आहे. त्या संशयाला पुराव्याची आणि वर्गाची दिशा देणे, एवढेच काम आहे आणि ते मोठे आहे.

ते काम फोनवर उलट निरोप पाठवून होत नाही. ते पाड्यावर, चाळीत, नाक्यावर, ओळखीच्या माणसाने समोर बसून करावे लागते. अफवा ओळखीच्या माणसाकडून येते म्हणून खरी वाटते. ती खोडण्यासाठीही ओळखीचाच माणूस लागतो. राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी जमाव आणि त्या पाच जणांच्या मध्ये उभे राहून 'थांबा, ही माणसे भिक्षेकरी आहेत' असे सांगणारा आणि ज्याचे गाव ऐकेल असा माणूस हवा होता. असा माणूस एका दिवसात घडत नाही. वनजमिनीच्या दाव्यापासून रेशनच्या रांगेपर्यंत वर्षानुवर्षे गावासोबत उभा राहिलेल्या कार्यकर्त्याचेच गाव अशा वेळी ऐकते.